पागा उरली

"ताई, वाडा कुठे आहे?" क्लंबर पार्कमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा मी मावसबहिणीला विचारलं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशरची ही जागा. लिंडेनची झाडं दुतर्फा लावलेल्या दोन मैलांहून लांब रस्त्याने आम्ही आलो होतो. अशा रस्त्याच्या शेवटी मोठं घर असणारच, असं मन धरून चालतं. ताईने तळ्याकाठच्या हिरवळीकडे बोट दाखवलं. गवतात भिंतींची रेघ तेवढी आखलेली होती. न्यूकॅसलच्या ड्यूकांचा अठराव्या शतकातला वाडा १९३८ मध्ये पाडला गेला.

शेजारचा तबेला मात्र उभा आहे. विटांच्या इमारती, मधे चौक, वर घड्याळाचा मनोरा. आता तिथे लोक चहा पितात आणि त्यांची कुत्री फरशीवर पाय ताणून पडतात.

कर आणि देखभालीचा खर्च वाढला, घरात राबणारी माणसं मिळेनाशी झाली, तशी विसाव्या शतकात इंग्लंडमधली शेकडो घरं अशीच गेली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या पडझडीवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा कुठे अनेकांना तिचा आवाका कळला. पण मालकाचं घर पडून घोड्यांचं घर उरतं, असं पुन्हा पुन्हा का व्हावं? मला वाटतं, याचं उत्तर बांधणीतच आहे. वाडा मिरवण्यासाठी होता. त्याची छपरं, नक्षीदार छतं, शेकड्याने खिडक्या सांभाळायच्या तर तसंच उत्पन्न हवं. तबेला कामासाठी होता. घोडे गेले, मोटारी आल्या, तरी बग्गीखान्याच्या रुंद दारांतून त्या सरळ आत गेल्या. काम बदललं, इमारत बदलावी लागली नाही.

अशा तबेल्यांत प्रत्येक माप घोड्याच्या अंगाचं असतं. खिडक्या उंचावर, म्हणजे उबट हवा वरून निघून जावी आणि थंड झोत थेट जनावराच्या पाठीवर येऊ नये. जमिनीच्या कडक विटांना खाचा, टाप घसरू नये म्हणून; आणि किंचित उतार, मूत नालीत वाहून जावं म्हणून. वर वैरणीचा माळा. तिथून गवत खाली सोडायचं, ते गव्हाणीवरच्या जाळीत पडायचं. त्याच माळ्यालगत मोतद्दार झोपायचे. खालच्या घोड्यांची ऊब त्यांना किती पोचत असेल, कोण जाणे. घड्याळ मात्र सगळ्यांना दिसेल असं, कारण बग्गी वेळेवर दारात लागली पाहिजे. माझं मन या मनोऱ्यापाशी रेंगाळतं. वाड्याच्या दिमाखातलं जे थोडं तबेल्याच्या वाट्याला यायचं, ते या मनोऱ्यात.

म्हणून रूपांतर करताना जमीन सपाट करून वर चकचकीत फरशी घातलेली दिसली की मला वाईट वाटतं. उतार गेला की घोडा गेला. बग्गीखान्याच्या कमानीत नुसती काच बसवली, तर कमान कमानच राहते. तिथे भिंत चढवून दोन लहान खिडक्या पाडल्या, तर तिथून काय आत यायचं हे कुणालाच कळणार नाही. माळ्याचं दार बाहेर उघडतं आणि खाली पायरी नाही, हे पाहून एखादं मूल विचारतं तेव्हा त्याला वैरणीची गोष्ट सांगता येते. ते दार बुजवू नये.

पुण्यात शनिवारवाड्याच्या जोत्यांवरून फिरताना दालनं मनातच उभी करावी लागतात. १८२८ च्या आगीने वरचं सगळं नेलं. क्लंबरलाही जोत्याचीच खूण आहे, पण इथे मदतीला चौक आहे. घोडे किती, बग्ग्या किती, माणसं किती, याचा थोडा तरी अंदाज त्यावरून येतो आणि हिरवळीवरचं रिकामं घर हळूहळू भरू लागतं.

चहा संपल्यावर आम्ही परत तिथे गेलो. ताई आखलेल्या रेघेवरून पावलं मोजत चालली. मी तबेल्याकडे तोंड करून उभी राहिले. बग्गी बोलावली असती, तर ती कुठल्या बाजूने आली असती, ते पाहत.