चिखल कुणाचा?

जुलैचा शेवटचा रविवार. रात्री साडेनऊला आम्ही गिरीजला परतलो तेव्हा जीपचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. घरात शिरायच्या आधी आम्ही फोटो काढले आणि लगेच स्टोरीवर टाकले. चिखलानं माखलेली गाडी ही आमच्यासारख्यांची पराक्रमाची पावती असते. धुतलेल्या गाडीचा फोटो कुणी टाकत नाही.

जीप जुनी, सेकंड हँड. मी आणि माझ्या मित्रानं मिळून चार वर्षांपूर्वी घेतलेली. पावसाळ्यात दोन-तीनदा आम्ही वाडा तालुक्याच्या बाजूला जातो, डांबर संपतं तिथून पुढे. दुसऱ्या दिवशी गाडी हायवेजवळच्या वॉशिंग सेंटरला. तिथला एक मुलगा खाली उभा राहून, वरून गळणारा चिखल अंगावर घेत ती धुतो. आम्ही बाकड्यावर चहा पीत मोबाइल बघतो. त्या सोमवारी सेंटर बंद होतं. म्हणून, केवळ म्हणून, मी जीप स्वतः धुवायला घेतली.

काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. खुर्ची टाकून बसले आणि पहिलंच वाक्य, "विहिरीपासून लांब घे. आणि बॉनेट काय पुसतोस? खालून सुरुवात कर."

विहिरीचं मला लगेच कळलं नाही. पण आमच्या वाडीतली केळी, पानवेली, चाफा, सगळं त्या पाण्यावर. वसईत विहिरींतून टँकर भरभरून पाणी जायला लागलं तेव्हा ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथली माणसं रस्त्यावर उतरली होती. काका त्यांतले. गाडीखालून निघणाऱ्या पाण्यात ग्रीस असतं, ऑइल असतं. ते जमिनीत मुरतं, आणि आमच्याकडे जमिनीखालचं पाणी काही फार खोल नाही.

मग खालून सुरुवात केली. चासीच्या पोकळीत चिखल ठासून बसला होता. पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोकं बुजलेली. तिथं ओल महिनोन्‌महिने राहते, त्यात आमच्याकडची खारी हवा, आणि गंज आतून धरतो. बाहेरून गाडी चकाचक दिसत असते. रेडिएटरवर जोराचा फवारा मारायचा नाही, पाती वाकतात; मंद धारेनं, इंजिनाच्या बाजूनं बाहेर पाणी सोडायचं. ब्रेकच्या ड्रममधली रेती काढायची. डिफरन्शियलचं ऑइल बोटावर घेऊन बघायचं. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. तापलेला ॲक्सल एकदम थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी ओढून घेते. शेवटी ग्रीसगन लावून जुनं, मळलेलं ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवं भरायचं.

पण आम्ही ग्रीसपर्यंत पोचलोच नाही. मागच्या पाट्यांमध्ये एक गोळा अडकला होता. मला वाटलं गवत. ओढला, तर मुळांसकट मूठभर हिरवे कोंब हातात आले.

काकांनी ते हातात घेऊन पाहिले. "हे गवत नाही. भाताचं रोप आहे. आवणी होऊन आठवडाही झाला नसेल."

मग आठवलं. एका जागी चाकोरीत गाडी रुतायला लागली म्हणून मित्रानं स्टिअरिंग डावीकडे मारलं होतं. मोठा धक्का बसला, आम्ही जोरात ओरडलो होतो, आनंदानं. तो धक्का म्हणजे बांध होता. भाताचं खाचर बांधावर उभं असतं. बांध फुटला की साठवलेलं पाणी खालच्या अंगाला निघून जातं आणि अजून मूळ न धरलेलं रोप उघडं पडतं.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, "आपण मुद्दाम केलं का? माहीतच नव्हतं."

खरं आहे. मुद्दाम नव्हतं. हेतू वाईट नसेल तर दोष किती, हा जुनाच प्रश्न. पण मला अडकवलं ते 'माहीत नव्हतं' या शब्दांनी. का माहीत नव्हतं? कारण दर वेळी माहीत व्हायच्या आधी गाडी दुसऱ्याच्या हातात जात होती. न कळणं हे दर वेळी नशीब नसतं. कधी कधी ती सोय असते आणि आपण तिचे पैसे मोजलेले असतात.

कुणी म्हणेल, पैसे देऊन गाडी धुऊन घेण्यात गैर काय? त्या मुलाचं पोट त्यावर आहे. गैर काहीच नाही. धुण्याचे कष्ट विकत घेता येतात. मात्र धुताना जे दिसतं ते त्यालाच दिसतं. त्यानं आमच्या गाडीतून अशी रोपं याआधी काढलीही असतील. पण तो सांगणार कुणाला? आम्ही त्याला कधी विचारलं नव्हतं.

गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. याकडे आपण नम्रतेचा धडा म्हणून बघतो. मला आता त्या क्रमात आणखी काही दिसतं. जो झाडतो त्याला गावानं काय टाकलंय ते कळतं. आधी बघणं, मग बोलणं. आमचं उलट होतं. कीर्तन आधीच स्टोरीवर होऊन गेलं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बाइकवरून गेलो. जागा शोधायला वेळ लागला. बांध घातलेला होता, त्यावरची माती अजून वेगळी दिसत होती. शेतात एक म्हातारे गृहस्थ होते. आमच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमचीच का ती गाडी?"

आम्ही हो म्हणालो. ते चिडले नाहीत. "बांध काय, घातला. रोप शिल्लक नव्हतं. शेजाऱ्याकडून आणलं." आम्ही पैसे पुढे केले. नको म्हणतील असं कुठंतरी वाटत होतं. त्यांनी घेतले, मोजले, आणि त्यातले काही परत दिले. "एवढं नव्हतं झालं," म्हणाले.

त्या हिशेबानं बरं वाटलं. एवढं नव्हतं झालं, पण झालं होतं.

आता जीप आम्ही घरीच धुतो, विहिरीपासून लांब, खालून सुरुवात करून. कुठं जायचं तेही आधी विचारून जातो. याला मी प्रायश्चित्त म्हणणार नाही. कारण आधीच्या तीन पावसाळ्यांचा चिखल वॉशिंग सेंटरच्या गटारातून केव्हाच वाहून गेला आहे. त्यात काय काय होतं, ते आता कळायला मार्ग नाही.