कुंभार्ली घाटातली खिडकी

अमर्त्य सेन यांच्या 2009 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ या पुस्तकात तीन मुलं आणि एका बासरीचा दाखला आहे. ॲनला बासरी वाजवता येते, तिघांत फक्त तिलाच. बॉब गरीब आहे, त्याच्याकडे खेळायला दुसरं काहीच नाही. कार्लाने कित्येक महिने खपून ती बासरी स्वतः बनवली आहे. बासरी द्यायची कोणाला? सेन म्हणतात, तिघांचंही म्हणणं खरं आहे आणि तिघांच्याही मागे भक्कम तत्त्व उभं आहे.

तीन मुलांच्या आईला हा प्रश्न रोज सोडवावा लागतो, तोही तव्यावर पोळी असताना.

अशी घरं आता कमी होत चालली आहेत. 1992-93च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी 2.9 मुलं होती. 2019-21च्या पाचव्या सर्वेक्षणात हा आकडा 1.7 वर आला. त्यामुळे तीन मुलं घेऊन बाईमाणूस एसटीत चढलं की लोक वळून बघतात. पुण्याहून चिपळूणला माहेरी निघालेल्या एका लेकीकडेही असंच बघत होते. तिला महिला सवलतीचं अर्धं तिकीट, अकरा वर्षांच्या थोरलीला आणि आठ वर्षांच्या मधल्याला वयाचं अर्धं, चार वर्षांचा धाकटा फुकट. चौघांची मिळून दीड तिकिटं, जागा तीन आणि खिडकी एक.

पाळ्या ठरल्या होत्या. उंब्रजपर्यंत धाकटा, कोयनानगरपर्यंत मधला आणि पुढचा कुंभार्ली घाट थोरलीचा. घाट सगळ्यांत छान, म्हणून तिने आधीच्या दोन्ही पाळ्या सोडून शेवटची मागून घेतली होती. घाट सुरू झाला आणि धाकट्याला गाडी लागली. “तू मोठी आहेस ना बाळा, दे त्याला खिडकी,” आई म्हणाली. थोरलीने दिली.

संध्याकाळी ओटीवर फणस फोडताना लेकीने हे वडिलांना सांगितलं. अण्णांनी हायस्कुलात जन्मभर गणित शिकवलेलं.

“मग त्यात चुकलं काय?” अण्णा म्हणाले. “पोर ओकत होतं.”

“चुकलं असं मी म्हणत नाही. पण अण्णा, पुढचा सगळा घाट ती बॅगेच्या बंदाशी चाळा करत बसली. एकदाही बाहेर बघितलं नाही. रडली असती, भांडली असती, तर मला बरं वाटलं असतं.”

“हे बघ, पाळी आणि गरज यांच्यात झगडा लागला तर गरज आधी. दवाखान्यात नंबर लावून माणसं बसलेली असतात, पण अपघाताचा पेशंट आला की त्याला आत घेतातच की.”

“घेतात. पण दर वेळी नंबर सोडणारा माणूस एकच असला तर?”

अण्णांनी झोपाळा थांबवला. लेक हाताला खोबरेल चोळून गरे काढत होती, चीक बोटांना चिकटत होता, आणि बोलता बोलता ती यादीच वाचत गेली. हापूस कापला की दोन फोडी आणि एक कोय निघते. कोय सगळ्यांना हवी. ती धाकट्याला जाते, कारण तो लहान. बासुंदीच्या पातेल्याची खरवड मधल्याला, कारण नाही दिली तर तो घर डोक्यावर घेतो. रात्री आईच्या कुशीला एका बाजूला धाकटा, दुसऱ्या बाजूला मधला. “धाकट्याला गरज असतेच, कारण तो धाकटा आहे. मधला ओरडून घेतो. थोरली काही मागत नाही, म्हणून मला वाटत राहतं की तिला काही नकोच असेल.”

अण्णांनी गणिताकडे धाव घेतली, आणि ते योग्यच होतं, कारण या प्रश्नावर गणितज्ञांनी मनापासून विचार केलेला आहे. दोघांत वाटणी असेल तर एकाने कापायचं, दुसऱ्याने निवडायचं, ही युक्ती फार जुनी. तिघांचं काय करायचं हा प्रश्न पोलंडच्या ह्यूगो स्टाइनहाउस यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धसास लावला. त्यावर बानाख आणि क्नास्टर या त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली रीत अशी: पहिल्याने आपल्या मते तिसरा हिस्सा होईल एवढा तुकडा कापायचा. दुसऱ्याला तो मोठा वाटला तर त्याने थोडा छाटायचा, मग तिसऱ्याने. ज्याने शेवटी छाटला त्याने तो घ्यायचा. कोणीच छाटला नाही तर कापणाऱ्याने घ्यायचा. उरलेलं दोघांनी कापा-निवडा पद्धतीने वाटून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोठ्यातून चीक आला, आजीने खरवस केला, आणि अण्णांनी थाळा पोरांपुढे ठेवून हाती उलथनं दिलं. थोरलीने डोळ्यांनी माप घेत नीट तिसरा हिस्सा कापला. मधल्याने वाकून, अगदी नाक टेकवून पाहिलं आणि कड छाटली. धाकट्याला छाटण्यातच मजा वाटली. त्याने छाटलं, पुन्हा छाटलं, आणि शेवटी वेलचीच्या दाण्याएवढा उरलेला तुकडा नियमाप्रमाणे त्याच्या वाट्याला आला. त्याने भोकाड पसरलं. थोरली आणि मधला एकमेकांकडे बघून इतके हसले की धाकटाही रडता रडता हसायला लागला, आणि मग दोघांनी आपापल्या वाटणीतली एकेक वडी त्याच्या पुढ्यात सरकवली. कोणी सांगितलं नव्हतं.

तीन मुलांच्या घरात असं दिवसभर काही ना काही चाललेलं असतं. मधला धाकट्याला चड्डी घालायला शिकवतो आणि दोन्ही पाय एकाच भोकात जातात. रात्री मच्छरदाणीत थोरली भुताची गोष्ट सांगते आणि दोघे भाऊ तिचा एकेक हात घट्ट धरून ऐकतात. एकच मूल असलेल्या घरात आईबाप कितीही हौशी असले, तरी हे त्यांना देता येत नाही.

“बघितलंस?” अण्णा म्हणाले. “त्यांचं ते बघून घेतात.”

“खरवस कापता येतो, अण्णा. खिडकी कापता येत नाही. कोय नाही, माझी कूसही नाही.”

यावर अण्णांनी विनोबांच्या आईची, रखुमाईंची आठवण सांगितली. विनोबांच्या वडिलांनी घरी एक गरीब विद्यार्थी ठेवून घेतला होता. शिळं उरलं की आई स्वतः खायची. तिला जास्त झालं तर विनोबांना द्यायची. त्या मुलाला मात्र नेहमी ताजं, गरम. विनोबांनी आईला विचारलं, सगळ्यांना सारखं मानावं म्हणतेस, मग हा भेद कसा? रखुमाईंनी भेद कबूल केला. तुझ्यात मला अजून माझा मुलगा दिसतो आणि त्याच्यात देव, असं त्यांचं उत्तर होतं. तुझ्यातही देव दिसेल तेव्हा हा फरक राहणार नाही.

“जे आपलं, त्याच्याकडून जास्त मागता येतं,” अण्णा म्हणाले. “थोरलीवर तुझा विश्वास आहे म्हणून तू तिच्याकडे मागतेस.”

“पण त्या गोष्टीत दोन गोष्टी आहेत, अण्णा. एक, शिळं आधी आई स्वतः खात होती. आणि दुसरी, विनोबांनी विचारलं आणि त्यांना उत्तर मिळालं. माझ्या थोरलीने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.”

इतका वेळ गप्प असलेली आजी आता बोलली. “आम्ही आठ भावंडं. अक्का परातीत भात कालवायची, आम्हाला गोल बसवायची आणि एकेक घास भरवायची. कोणाला किती गेला हे कोणी मोजत नव्हतं. तुमच्यासारखी चर्चा कोणी केली नाही, आणि आमचं बालपण सोन्यासारखं गेलं.”

“आणि अक्कामावशी कधी जेवायची?”

“आमचं झाल्यावर.” आजी जरा थांबली. “चौथीनंतर तिची शाळा सुटली. धाकटे होते ना आम्ही. पुढे आम्ही सगळे शिकलो. वाडीची वाटणी झाली तेव्हा हक्कसोडपत्रावर तिने सगळ्यांत आधी सही केली. वाचलंसुद्धा नाही. मला कशाला हवंय, म्हणाली.”

या बोलण्याने प्रश्न खिडकीच्या पलीकडे गेला. 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली साऱ्या देशाने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा जन्मापासूनचा हक्क मान्य केला. तरी दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांत बहिणींची हक्कसोडपत्रं नोंदवली जातातच. काही बहिणी खरोखर राजीखुशीने सही करतात. काहींना नाही म्हणता येतं हेच कोणी शिकवलेलं नसतं. आपला वाटा सोडायची सवय मोठेपणी एकाएकी लागत नाही. ती कोयीपासून, कुशीपासून लागत आलेली असते. थोरला मुलगाही हे सोसतो, यात शंका नाही. पण थोरल्या मुलीकडून ते जास्त गृहीत धरलं जातं, आणि तिचं कौतुकही तेवढ्यासाठीच होतं.

आपल्याला कमी मिळालेलं मुलांना कळत नाही, असं कोणी समजू नये. 2015 साली ‘नेचर’ या नियतकालिकात सात देशांतल्या 4 ते 15 वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास आला, त्यात भारतातली मुलंही होती. खाऊची वाटणी पुढे ठेवायची, आणि ती नाकारली तर दोघांनाही काही नाही. आपल्याला कमी नि समोरच्याला जास्त, अशी वाटणी सातही देशांतल्या मुलांनी नाकारली. आपल्याला जास्त नि समोरच्याला कमी, हे नाकारणारी मुलं मात्र अमेरिका, कॅनडा आणि युगांडा एवढ्याच देशांत दिसली, तीही वयाने मोठी. घरात गप्प बसणाऱ्या मुलाला कमी-जास्त दिसत नाही असं नव्हे. दिसूनही ते बोलत नाही.

थोरली दाराशी उभीच होती. आजीने तिला सरळ विचारलं, “काय गं, खिडकी गेली म्हणून राग आला तुला?”

“नाही.” जरा वेळाने ती म्हणाली, “तो ओकत होता तर मी देणारच होते. पण आईने आधीच सांगितलं. मग मी दिली असं झालंच नाही ना.”

अण्णांना यावर काही सुचलं नाही. आईने हात पुसले. “मला तुला विचारायला हवं होतं,” ती म्हणाली.

“जाताना घाट माझा?”

“तुझा.”

“आणि त्याला परत गाडी लागली तर?”

“तू सांग.”

“मग मी ठरवीन,” थोरली म्हणाली आणि भावांच्या मागे अंगणात पळाली.

अमांडा कोवाल आणि लॉरी क्रेमर यांनी 1997 साली अमेरिकेत 11 ते 13 वर्षांच्या मुलांशी याच विषयावर बोलून अभ्यास केला होता. आईबाप आपल्याला आणि भावंडाला वेगळं वागवतात हे मुलांनी सांगितलं, पण बहुतेक वेळा त्यांना तो अन्याय वाटला नव्हता. भावंड लहान आहे, त्याची गरज वेगळी आहे, हे कारण ती स्वतःच सांगत होती. म्हणजे तिघांना तंतोतंत सारखं देण्याचा आटापिटा आईने करायला नको. तो जमणारही नाही, आणि लहान मुलाला घाट लागतो तेव्हा तो करूही नये. पण थोरल्या मुलीच्या पाळीतलं काही धाकट्याला द्यायची वेळ आली, तर आधी तिला विचारा, आणि एखाद्या दिवशी ती नाही म्हणाली, तर तिला हट्टी न म्हणता ते नाही मान्य करा.