विकता न येणारा शेअर

आमच्या पणदऱ्यात शेअर म्हटलं की अजूनही आधी आठवतो तो माळेगाव सहकारी साखर कारखान्याचा. त्याचा भाव मोबाईलवर दिसत नाही. दर्शनी किंमत ठरलेली, आणि ऊस दोन एकर असो की वीस, सभासदाला मत एकच. फायदा कळतो तो टनाला मिळणाऱ्या दरातून. माझ्या फोनमधले शेअर मात्र सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत हलत असतात.

7 डिसेंबर 2023 ला केंद्र सरकारने त्या हंगामापुरती उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर बंदी घातली. त्याच दिवशी बलरामपूर चिनीसारख्या कंपन्यांचे शेअर पडले. कारखाने तेच, ऊसही तोच. बदलला होता पुढच्या कमाईचा अंदाज, आणि शेअरचा भाव म्हणजे बराचसा हा अंदाजच असतो. ज्यांना धास्ती वाटली ते मिनिटांत विकून मोकळे झाले. सभासदाचा आडसाली ऊस दीड-दीड वर्ष रानात उभा असतो. त्याला असं मोकळं होता येत नाही. 15 डिसेंबरला बंदी काही प्रमाणात सैल झाली, तेव्हाही तो तिथेच होता.

मग खरा मालक कोण? जो थांबतो तो?

इतकं सोपं नाही. 16 डिसेंबर 2008 ला सत्यमच्या संचालक मंडळाने अध्यक्ष रामलिंग राजूंच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घ्यायचं ठरवलं. गुंतवणूकदार खवळले, अमेरिकेच्या बाजारात सत्यमचा भाव निम्म्याखाली आला आणि काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. 7 जानेवारी 2009 ला राजूंनी खोट्या हिशेबांची कबुली दिली. म्हणजे विकणं हीसुद्धा बोलण्याचीच एक रीत आहे. उलट, ज्याला सोडून जाताच येत नाही, त्याला गृहीत धरणंही सोपं असतं.

तरी एक गोष्ट खटकते. आपण विकतो तेव्हा धोका संपत नाही, तो घेणाऱ्याच्या खात्यात जातो. आणि भाव फक्त ‘पटलं नाही’ एवढंच सांगतो. काय पटलं नाही, ते सभेतच विचारावं लागतं.

म्हणून मला वाटतं, विकायचा हक्क जरूर वापरावा, पण शेअर हातात आहे तोवर मतही द्यावं. ई-मतदानाचा ईमेल आपल्यालाही येतो. तिथे जितके शेअर तितकी मतं, त्यामुळे आपलं वजन कमी, हे खरं. पण कारखान्याच्या सभेत उभं राहून हिशेब मागणारा सभासदही हजारोंतला एकच असतो.