अंतर कोणी कापले?

सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातले लऊळ वारकऱ्यांना ठाऊक आहे ते संत कूर्मदासांमुळे. पैठणचे कूर्मदास जन्मापासून हातपाय नसलेले. पंढरीचा महिमा ऐकून ते सरपटत, लोळत निघाले. लऊळला पोचेपर्यंत एकादशी तोंडावर आली. पुढे जाणे होईना, तेव्हा त्यांनी वारकऱ्यांकरवी विठ्ठलाला निरोप धाडला. महिपतींच्या ‘भक्तविजया’तही ही कथा आहे.

कथा सांगणारे बहुधा इथे थांबून विचारतात: हातपाय नसलेला माणूस एवढे करतो, मग धडधाकटांनी कुरकुर का करावी? श्रोत्यांचे डोळे पाणावतात आणि ते पाणी खोटे नसते. पण अशा सांगण्यात कूर्मदास दुसऱ्यांच्या आळसावरचे औषध होऊन बसतात. ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग स्वतः व्हीलचेअर वापरत. अपंगांना असे प्रेरणेपुरते वापरण्यावर त्यांनी 2014 मधल्या भाषणात थेट बोट ठेवले होते.

अपंगत्वाला ‘पूर्वजन्मीचे भोग’ म्हणणारी नजर निष्ठुर, ‘देवाने खास शक्ती दिलीय’ म्हणणारी प्रेमळ. तरी दोन्हींमुळे बघणाऱ्यावर कसलीच जबाबदारी येत नाही.

कथेचा उत्तरार्ध मात्र जबाबदारी टाकतो, आणि ती थेट देवावर. विठ्ठल पंढरपूर सोडून ज्ञानदेव-नामदेवांसह लऊळला येतो. कूर्मदास हातपाय मागत नाहीत. देवाने इथेच राहावे, एवढेच मागतात. त्यांचे शरीर होते तसेच राहते. उरलेले अंतर देव कापतो.

अंतर कोणी कापायचे, हा प्रश्न पंढरपुरात एकदा वेगळ्या रूपात उभा राहिला होता. विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी 1947 मध्ये तिथे उपोषण केले. मागणी दयेची नव्हती, प्रवेशाची होती. अपंगांच्या बाबतीत तोच हक्क आता कायद्यात आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत धार्मिक वापराच्या वास्तूही येतात. जुन्या इमारती सुगम करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षे दिली होती. ती मुदत जून 2022 मध्ये संपली.

व्हीलचेअरवरच्या भाविकाला चौघे उचलून पायऱ्या चढवतात, ती सेवा मनापासूनची असते. पण देवासमोर किती वेळ थांबायचे, पुन्हा केव्हा यायचे, हे मग त्या चौघांच्या सवडीवर ठरते. पायऱ्यांशेजारी नीट उतार आणि धरायला कठडा असला, तर ते त्या भाविकाला स्वतः ठरवता येते.