लज्जेची मर्यादा

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून कित्येक वाचकांस तो या पृष्ठांस अनुचित वाटेल, हें आम्ही जाणून आहों. काव्य, इतिहास व तत्त्वज्ञान यांची चर्चा जेथें व्हावयाची, तेथें मनुष्याच्या गुदद्वाराविषयीं आणि त्याच्या व्याधींविषयीं कोणी कां लिहावें? परंतु ज्या विषयाचें नुसतें नांव काढतांच सुशिक्षित मनुष्य खालीं पाहूं लागतो, त्या विषयांत नीतीचा एखादा प्रश्न दडलेला असतो, असा आमचा अनुभव आहे. येथें तो प्रश्न असा : लज्जा हा सद्गुण खरा, पण तिच्यापायीं जीव जात असेल, तर ती सद्गुण राहते काय?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथांतून सुचलेला नाहीं. सोलापुरांत आमच्या घरीं आमच्या एक विधवा आत्याबाई राहत असत. आमची आई लवकर गेली. आम्हांस लहानाचें मोठें त्यांनींच केलें. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. शेंगदाण्याची तिखट चटणी स्वतः कुटून कडक भाकरीबरोबर आवडीनें खाणाऱ्या आत्याबाईंनीं एकाएकीं तिखट सोडलें. उपास वाढले. पाटावर चौघडी गोधडी घातल्यावांचून त्या बसेनात. हें सर्व आम्हांस दिसत होतें. आणि ‘वय झालें’ असें मनाशीं म्हणून आम्ही पुस्तकांत डोकें घालीत होतों. खरें पाहतां वर्षभर त्यांना शौचावाटे रक्त जात होतें. ही मूळव्याध, असें त्यांनीं स्वतःच ठरविलें होतें. आणि ‘दुखत तर नाहीं’ हें त्यांचें समाधान होतें.

एके दिवशीं त्या घेरी येऊन पडल्या, तेव्हां डॉक्टरांकडे जाणें भाग पडलें. तेथेंही आमच्यादेखत त्या इतकेंच म्हणाल्या कीं, पोट साफ होत नाहीं. अखेर एका डॉक्टरीण बाईंनीं आम्हांस बाहेर बसविलें, आणि मग सत्य निघालें. बोटानें करावयाची तपासणी दोन मिनिटांची. मलाशयांत कर्करोगाची गांठ होती, व रोग यकृतापर्यंत पोंचला होता. पुढें पांच महिन्यांत त्या गेल्या. ‘आत्या, आधीं कां नाहीं सांगितलंस?’ असें आम्हीं एकदां विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, ‘अरे, असलं का कुणापाशीं बोलायचं?’

या प्रश्नास उत्तर देण्याचा हा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

लज्जेची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. शरीराचे कांहीं धर्म एकांतांत व्हावेत, हें सुसंस्कृतपणाचेंच लक्षण आहे. आमच्या भाषेनें त्यांसाठीं शब्दही किती हळुवार योजिले आहेत! कोणी परसाकडे जातो, कोणी बहिर्दिशेस जातो. आणि ‘शौच’ याचा मूळ अर्थ तर शुद्धि. परंतु हे सारे शब्द क्रियेचे आहेत. तो अवयवच दुखूं लागला म्हणजे आमची भाषा उघडी पडते. एका टोकास शिवी, दुसऱ्या टोकास पोथींतला संस्कृत शब्द. मध्यें घरांत उच्चारतां येईल असा शब्दच नाहीं. मग रोगी ‘खालची जागा’, ‘बसायची जागा’ असें चांचरत बोलतो. आमच्या शहरांत दवाखान्याच्या एकाच बांकावर मराठी, कानडी आणि तेलुगु बोलणारे शेजारीं बसतात. पण येथें तिघेही सारखेच मुके होतात. ‘मूळव्याध’ तेवढा एक शब्द भल्या माणसांत चालतो, कानडींतही तो जवळजवळ याच रूपानें आहे. त्यामुळें रक्त पडो, गांठ लागो, खाज सुटो, कीं पू वाहो, सर्व कांहीं त्या एकाच शब्दांत घातलें जातें. रोगाचें नांव म्हणून निघालेला हा शब्द रोगाचें झांकण होऊन बसला आहे. आमच्या आत्याबाईंचा घात अज्ञानानें जितका केला, तितकाच या सोयीच्या शब्दानें केला.

आमचे प्राचीन वैद्य असे मुके नव्हते. सुश्रुतानें गुदाची लांबी साडेचार अंगुलें सांगितली, आणि त्यांतील तीन वळ्यांस प्रवाहणी, विसर्जनी व संवरणी अशीं त्यांच्या कामांवरून नांवें दिलीं. त्या वळ्या त्याला शंखाच्या वेढ्यांसारख्या आणि रंगानें हत्तीच्या टाळूसारख्या दिसल्या. जो अवयव आम्ही मनांतही आणूं इच्छीत नाहीं, त्याच्याकडे पाहतांना या पुरुषास शंख आठवला! त्यानें अर्शाचे सहा आणि भगंदराचे पांच प्रकार निरनिराळे केले. भगंदराच्या एका प्रकारास उंटाच्या मानेवरून नांव दिलें. कात्रीनें कापल्यासारखी वेदना ज्या विकारांत होते, त्याला आयुर्वेदांत ‘परिकर्तिका’ म्हणतात; गुद बाहेर येतें तो गुदभ्रंश. यूरोपांतील संज्ञाही अशाच साध्या वस्तूंवरून आल्या आहेत. ‘रेक्टम’ म्हणजे सरळ, ‘एनस’ म्हणजे कडें, ‘फिस्च्युला’ म्हणजे नळी. या शब्दांच्या जन्मांत लाजण्यासारखें कांहींच नाहीं. लाज मागाहून चिकटली.

नांवें निरनिराळीं असण्याचा उपयोग केवळ पंडितांस नाहीं. गुदमार्गाच्या खालच्या भागास त्वचेसारखी तीव्र संवेदना असते, तशी वरच्या भागास नसते. म्हणून परिकर्तिकेची बारीक चीर मनुष्यास रडविते. उलट आंतली मूळव्याध पुष्कळदां न दुखतां रक्त सांडते, आणि मलाशयांतील कर्करोगही आरंभीं तसाच मुकाट्यानें वाढूं शकतो. ‘दुखत नाहीं’ हें येथें अभयवचन नव्हे. रक्त जाणाऱ्या बहुतेकांस कर्करोग नसतो, हें खरें. पण कोणास आहे व कोणास नाहीं, हें तपासल्यावांचून कळत नाहीं, आणि बोलल्यावांचून तपासणी होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, ही लज्जा निसर्गानेंच दिली आहे, तिला उपाय नाहीं. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. फ्रान्सचा राजा चौदावा लुई यास भगंदर झालें होतें. १६८६ सालीं फेलिक्स नांवाच्या शस्त्रवैद्यानें तें कापून बरें केलें. ती वार्ता पसरतांच, व्याधि नसतांही तीच शस्त्रक्रिया आपणांवर व्हावी म्हणून कित्येक दरबारी पुढें आले, असें सांगतात! राजास झालेली व्याधि जर भूषण होऊं शकते, तर तिची लाज निसर्गाची नव्हे, लोकरीतीची आहे, हें उघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सर्वच उघड बोलूं लागल्यास मर्यादा उरेल काय? आम्ही विचारतों, आज ती कोठें उरली आहे? जो शब्द आम्ही आईपाशीं काढीत नाहीं, तो शहराशहरांतून भिंतींवर हातभर अक्षरांत रंगविलेला असतो : मूळव्याध, भगंदर, शस्त्रक्रियेवांचून खात्रीचा इलाज! घरानें सोडलेली जागा भोंदूनें बळकाविली आहे. जो रोगी लाजेमुळें प्रश्न विचारीत नाहीं व फसल्यावर तक्रारही करीत नाहीं, त्याच्याइतकें सोयीचें गिऱ्हाईक त्यास कोठें मिळणार? मर्यादा भंगते ती बोलण्यानें नव्हे. कोठें, कोणापाशीं आणि कशा स्वरांत बोललें, यावर ती अवलंबून असते. चारचौघांत ज्याची चर्चा करूं नये, तें वैद्यापाशीं किंवा आपल्या माणसापाशीं सांगूं नये, असें कोणत्या शास्त्रानें म्हटलें आहे?

आमच्या मतें लज्जेची कसोटी एकच. जी लज्जा दुसऱ्याचा मान राखते ती सद्गुण. जी स्वतःचें दुःख लपवावयास लावते ती केवळ भीति, आणि तिनें सद्गुणाचा वेष घेतला म्हणून तिला नमस्कार करण्याचें कारण नाहीं. पण हा उपदेश एकट्या रोग्यास करणें अन्यायाचें होईल. आत्याबाई बोलल्या नाहींत, हें खरें. परंतु गोधडी आम्हांस दिसत होती, आणि आम्हीं विचारलें नाहीं. त्यांच्या मौनाला त्यांच्या काळाचा व संस्कारांचा आधार होता. आमच्या मौनाला कसला होता? शेक्सपिअर शिकविणाऱ्या मनुष्यास एक साधें वाक्य सुचलें नाहीं : ‘आत्या, बसतांना त्रास होतो का? रक्त जातं का?’

वाचकांच्या घरींही कोणी वडील माणूस असेल. त्यानें एखादा जिन्नस सोडला असेल, उपास वाढविले असतील, बसण्याची तऱ्हा बदलली असेल. त्यास एकांतांत, खालच्या स्वरांत, पण नेमक्या शब्दांत विचारावें. तें पहिल्यानें रागावेल, विषय बदलील. तरी दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारावें.