शाया आणि माया

मराठी गझलेचे नियम नवशिक्यांच्या हाती सोपे करून देणारा माणूस अमरावतीचा होता. सुरेश भट १५ एप्रिल १९३२ रोजी तिथे जन्मले. माधव जूलियनांची 'गज्जलांजलि' १९३३ची, म्हणजे मराठीला गझल अनोळखी नव्हती. पण कुठलं यमक चालतं, कुठलं नाही आणि का, हे समजावणारी 'गझलेची बाराखडी' भटांनी लिहिली. ते काही शुष्क व्याकरण नव्हे. जुळणं म्हणजे काय, याचा तो एक चोख विचार आहे.

समजा, शेरांच्या शेवटी 'वारा आहे', 'तारा आहे', 'पसारा आहे' असं येतंय. 'आहे' हा रदीफ, तो हलत नाही. 'वारा, तारा, पसारा' हे काफिये, ते बदलतात पण 'रा' सोडत नाहीत. त्या 'रा'आधीचा 'आ' ही अलामत. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, 'आ' ठरला की पुढे 'गोरा' आणता येत नाही; शेवटचं अक्षर तेच असलं तरी कान अडखळतो. आणि मतल्याच्या दोन्ही ओळींत 'वारा'च घातला, तर तो काफिया उरत नाही, रदीफात जमा होतो. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा नियम. तंतोतंत सारखेपणाला गझल जुळणं म्हणतच नाही. जुळायला आधी वेगळं असावं लागतं.

संगीतशास्त्र हेच सांगतं, फक्त आकड्यांत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला राहून शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याच्या हिशेबात ज्या दोन स्वरांमध्ये बारा किंवा आठ श्रुती, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म पायऱ्या, पडतात ते एकमेकांचे संवादी. म्हणजे संवाद मोजायचा तो मधल्या जागेवरून! आजच्या भाषेत, षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर पंचम ३६०चा. षड्जाची दोन कंपनं होतात तेवढ्यात पंचमाची तीन होतात आणि दोघे पुन्हा एकत्र येतात. षड्जावर षड्ज धरला तर नुसतं एक होणं आहे, भेटणं नाही. तंबोऱ्यावर जोडीच्या तारा त्या एक होण्याचं काम करतात आणि पहिली तार पंचमात मिळवलेली असते. तारांखालच्या जव्हारीत सूत नीट बसलं की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधारही ऐकू येतो. मला गझलेतला रदीफ जोडीच्या तारांसारखा वाटतो आणि काफिया पंचमासारखा. नुसता रदीफ घुमत राहिला आणि काफिया ढिला पडला, तर सभागृह टाळ्या वाजवील, पण शेर लागणार नाही.

नियम पाठ केले म्हणजे संवाद हाती येतोच असं मात्र नाही. पाठ्यपुस्तकं मारवा रागात वादी, म्हणजे मुख्य स्वर, कोमल रिषभ आणि संवादी धैवत सांगतात. हिशेब करून पाहा, त्या दोघांत षड्ज-पंचमाचं नातं बसत नाही. तरी मारवा मारवाच राहतो. किंबहुना त्याची बेचैनी तिथूनच येते. काफियांच्या याद्या मोबाइलात साठवून गझल रचणाऱ्यांनी मारवा जरूर ऐकावा.

काफियाचं खरं काम कागदावर होत नाही, मैफलीत होतं. गझलनवाज भीमराव पांचाळे अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे. त्यांच्यासारखा गझल गाणारा शेराची पहिली ओळ पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या अंगाने घेतो. तोवर ऐकणारा मनात काफिया शोधू लागलेला असतो. दुसरी ओळ सुरू होते, काफिया तोंडावर येतो आणि गायकाच्या जोडीने श्रोतेही तो म्हणून टाकतात. अपेक्षा खरी ठरली याचा आनंद असतो, आणि त्याहून मोठा आनंद असतो ओळखीच्या शब्दाने अनोळखी अर्थ आणल्याचा.

आता प्रश्न कोणाच्या कानाचा. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा 'डोया' होतो, शाळा 'शाया' होते. अकोल्याचे विठ्ठल वाघ यांच्या प्रसिद्ध कवितेचं नावच 'काया मातीत मातीत' आहे, 'काळ्या' नव्हे. अकोल्याच्या पोराला 'शाया' आणि 'माया' पक्कं यमक आहे. हीच जोडी शुद्ध करून छापली की 'शाळा' आणि 'माया' उरतात. शेवटचा 'आ' तेवढा जुळतो आणि यमक कच्चं राहतं. मग कोणीतरी म्हणतो, बोलीतल्या कवींना यमक साधत नाही. ते साधलेलं असतं, मुद्रितशोधकाने मोडलेलं असतं. बोलीचा कान चुकीचा आणि पुस्तकी कान बरोबर, हे मला मान्य नाही. ज्या कानासाठी कविता लिहिली, त्याच्याशीच ती जुळायला हवी.

म्हणून संपादकांना एक विनंती. वऱ्हाडी कविता हाती आली की आधी ती मोठ्याने वाचा, किंवा अकोल्याकडच्या माणसाकडून वाचून घ्या, आणि मगच लाल पेन उचला.