खर्ची कोण पडतं?

उत्प्रेरक म्हणजे काय, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं: रासायनिक क्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः खर्ची पडत नाही. अनुवादाचं काम करताना मला या व्याख्येचा हेवा वाटत आला. अलीकडे मात्र ती कोणाच्या जिवावर खरी ठरते, हा प्रश्न पडतो.

प्लास्टिकच्या रासायनिक पुनर्वापराची आशा याच व्याख्येवर उभी आहे. पाण्याची बाटली पेट प्लास्टिकची असते. ते ग्लायकॉलमध्ये झिंक ॲसिटेटसह तापवलं, की लांब साखळी तुटून मूळ घटक हाती येतात आणि त्यांतून पुन्हा नव्यासारखी बाटली घडवता येते. पिशवीतलं पॉलिथिन अधिक चिवट. त्याचे कार्बन-कार्बन बंध तोडायला हायड्रोजन आणि रुथेनियमसारखा महाग धातू वापरून पाहतात.

पण हे धातू नाजूक असतात. मालात पीव्हीसीचा तुकडा राहिला, तर तापल्यावर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि धातू निकामी होऊ शकतो. रसायनशास्त्रात याला उत्प्रेरकाची विषबाधाच म्हणतात.

म्हणून प्लास्टिक आधी निवडावं लागतं. बंगळुरूत नायंडहळ्ळीच्या भंगार-गोदामांत हे काम चालतं. निवडणारे हात तुकडा वाकवून पाहतात, आपटून आवाज ऐकतात. तरीही शंका उरली तर टोक जाळून धूर हुंगण्याची या धंद्यातली जुनी रीत आहे. म्हणजे धातूला जे विष सोसत नाही, ते आधी एखाद्या माणसाच्या छातीत जातं.

यात रसायनशास्त्राचा दोष नाही. कचरा जाळण्यापेक्षा किंवा पुरण्यापेक्षा हा मार्ग मला बरा वाटतो. पण धातू झिजू नये म्हणून माणूस झिजत असेल, तर त्या प्रक्रियेला स्वच्छ म्हणायचं का? समीकरणात उत्प्रेरकाचं नाव निदान बाणाच्या वर तरी लिहितात. निवडणाऱ्यांचा उल्लेख कुठेच नसतो.

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. माल आणि माणूस एकाच दमात उच्चारणारं हे नाव मला दुसऱ्या भाषेत नेता आलेलं नाही. नव्या कारखान्यांचे हिशेबही असेच मांडायला हवेत: रुथेनियमच्या किमतीशेजारी निवडणाऱ्याची मजुरी, हातमोजे आणि दवाखान्याचा खर्च. त्याने बाटली महाग झाली, तर ती तिची खरी किंमत समजावी.